इंदूरचा पोलीस आणि पाद्री

पोलीसदलात धर्मोपदेशक असावा काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. लष्करात मात्र पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री यांना धर्मशिक्षक म्हणून रीतसर स्थान आहे. हा फरक का पडला, याचा शोध घेताना इंदूरचा इतिहास बराच प्रकाश टाकतो.

महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला आणि इंदुरात दोन सत्ता शेजारी नांदू लागल्या. शहर होळकर दरबाराचे, तर रेसिडेन्सीचा परिसर इंग्रजांच्या अधिकारातला. जवळच महूची लष्करी छावणी वसली. छावणीतल्या गोऱ्या शिपायांसाठी सरकारी पाद्री असे आणि त्याचा पगार हिंदुस्थानच्या महसुलातून निघे. म्हणजे ज्या रयतेचा त्या धर्माशी संबंध नव्हता, तीच त्याचा खर्च सोसत होती. पोलिसांसाठी अशी तरतूद झाली नाही, कारण शिपाई बहुतांशी देशी होते. 1858 च्या जाहीरनाम्यानंतर तर प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप न करण्याचे धोरणच ठरले होते.

1877 साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे जे. एम. डग्लस इंदुरात आणि जे. फ्रेझर कॅम्बेल महूत आले. हे सरकारी पाद्री नव्हते. बाजारात उभे राहून बोलणे, शाळा काढणे, पुस्तके विकणे ही त्यांची रीत. दुसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराला ती रुचली नाही. शहरातील प्रवचनांना आडकाठी झाली आणि ती अमलात आणण्याचे काम अर्थातच पोलिसांकडे आले. 1881 ते 1888 या काळात मध्य हिंदुस्थानचे एजंट असलेले सर लेपेल ग्रिफिन यांचीही मिशनऱ्यांना साथ मिळाली नाही. धर्म एक असला म्हणजे राज्यकर्ता पाठीशी असतोच, हा समज इंदूरने खोटा ठरवला. 1886 मध्ये तुकोजीराव निवर्तले, शिवाजीराव गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, 1887 मध्ये, इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले. बाजारातल्या वादापेक्षा वर्गातले शिक्षण अधिक टिकले, असे म्हणावे लागते.

याच दशकात लंडनमध्ये वेगळे घडत होते. 1883 साली कॅथरीन गर्नी या बाईंनी ख्रिस्ती पोलीस संघटना स्थापन केली. पुढे होव्ह येथे समुद्रकाठी पोलिसांसाठी विश्रामगृह निघाले, त्यांच्या अनाथ मुलांसाठी आश्रमही निघाला. या कार्याचे मूळ सरकारी हुकमात नव्हते. रात्रपाळीने थकलेल्या माणसाला आधार हवा, एवढीच त्यामागची जाण होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारी खर्चाने चाललेले पाद्री खाते संपले. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले. तरीही पोलीस आणि धर्म यांची गाठ सुटली नाही. मध्य प्रदेशच्या 1968 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याने सक्तीच्या वा फसवणुकीच्या धर्मांतराचा तपास पोलिसांवर सोपवला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि 2021 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. दरबाराचा शिपाई गेला, पण श्रद्धेच्या दारात उभे राहण्याचे त्याचे काम वारसाने चालत आले.

म्हणूनच पोलीसदलात सरकारी धर्मोपदेशक नसणे हे उणे मानू नये. ज्याच्या हाती अटकेचा अधिकार आहे, त्याच्या अंगावर एकाच पंथाची छाया पडली, तर दुसऱ्या पंथाच्या माणसाने ठाण्याची पायरी कोणत्या विश्वासाने चढावी? मात्र पाद्री नाही म्हणून पोलिसाचे दुःखही नाही, असे समजणे हा दुसरा अन्याय होय. प्रेत उचलणारा, दंगलीत उभा राहणारा, सणासुदीला घराबाहेर असणारा हा माणूस कोणाजवळ मन मोकळे करतो? गर्नीबाईंनी ते काम समाजाचे मानले. आपल्याकडील सुजाण समाजानेही ते आपले मानावे, इतकी अपेक्षा अवाजवी नाही.