भिंतींचा शांत रंग : पांढऱ्या मातीपासून ग्रेजपर्यंत

बेज आणि राखाडी यांच्या मधली ‘ग्रेज’ ही छटा आज शहरांतील घरांसाठी वारंवार निवडली जाते. तिचे नाव नवे आहे, पण तिच्या कुळातले रंग महाराष्ट्राच्या भिंतींवर फार जुने आहेत : मातकट, राखी, बदामी, चुन्याचा किंचित पिवळसर पांढरा. फरक आहे तो निवडीचा. पूर्वी भिंतीचा रंग गावची माती, जवळचा दगड आणि घरच्यांचे हात ठरवत. रंग कार्डावर पाहून ठरवण्याची पद्धत त्या मानाने अलीकडची आहे.

भिंतीवर मातीचा थर देऊन तो उजळ करण्याचे तंत्र अजिंठ्याच्या लेण्यांत पाहता येते. तेथे बेसॉल्टच्या खडबडीत कातळावर मातीचा गिलावा आहे. तो तडकू नये म्हणून त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मिसळले गेले. त्यावर पांढरा पातळ थर देऊन चित्रे काढली गेली. निळ्यासाठी लागणारा लाजवर्दी दगड अफगाणिस्तानातून येई. तांबडा आणि पिवळा मात्र गेरूसारख्या लोहयुक्त मातीतून मिळे आणि काळा काजळीतून. घराच्या भिंतीला परवडणारे रंग याच दुसऱ्या गटातले होते.

देशावरच्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानले जात : शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून गिलाव्याला ती चालत नाही. पांढरी हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीतून साचलेला थर असतो. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख आणि शेण यांनी तो बनतो, आणि त्याचा रंग फिकट करडा असतो. पुरातत्त्वज्ञ जुन्या वस्त्यांची टेकाडे याच रंगावरून ओळखतात. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे घरांच्या भिंती आणि माळवदे, म्हणजे सपाट छपरे, अशाच मातीची असत.

या भिंतींची निगा घरातल्या बायकांकडे असे. पांढरी माती भिजत घालून तिचा पातळ लगदा करायचा, फडक्याच्या बोळ्याने तो भिंतीवर फिरवायचा, याला पोतारणे म्हणत. जमिनीला शेणाचे सारवण आणि भिंतीच्या तळाशी बहुधा गेरूचा पट्टा. सणावाराआधी, विशेषतः नवरात्र-दिवाळीच्या सुमारास, हे काम निघे. पावसाने उतरलेला थर भरून येई, बुजलेल्या भेगांत किडे राहत नसत, आणि अंधाऱ्या माजघरात दिव्याचा उजेड थोडा अधिक पसरे. पालघर-डहाणूकडच्या वारली घरांत कुडाची भिंत शेणाने किंवा गेरूने सारवून लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने काढतात. तेथे भिंतीचा मातकट रंग हीच चित्राची पार्श्वभूमी असते.

कोकण आणि गोव्यात दगड बदलतो, तसा भिंतीचा रंगही बदलतो. जांभा लोहाने तांबडा असतो आणि चुनखडी फारशी मिळत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत. या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा थर देत, आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करत. सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवार भागांतील देवळांवर हे काव-काम आजही दिसते. मुसळधार पाऊस आणि दमट हवा यांमुळे तिथल्या भिंतींवर शेवाळ चढे, म्हणून पावसाळ्यानंतर चुना काढणे हा वर्षाचा ठरलेला खर्च होता.

घाटावरच्या वाड्यांत चुना हा बांधकामाचा महत्त्वाचा घटक होता. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातले की तो फसफसून, तापून विरतो. भिंतीवर दिल्यावर हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषतो आणि दगडासारखा घट्ट होतो. बांधकामाचा चुना बैलांच्या घाण्यात वाळूबरोबर मळत आणि त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर अशी चिकट द्रव्ये घालत. प्रतिष्ठित दालनांत वरचा थर गुळगुळीत दगडाने घोटून चकचकीत केला जाई. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे अशाच तयार भिंतीवर आहेत. सामान्य घराला एवढी घोटाई परवडत नसे. तिथे पातळ चुन्याचे दोन हात पुरत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चुन्याला वेगळाच अर्थ आला. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. विरलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि अनेक जंतू मारतो, म्हणून घरे धुऊन त्यांना चुना देणे हा सरकारी उपायांचा भाग झाला. १८९७ मध्ये पुण्यात सैनिकांच्या तुकड्या घरांत शिरून झडती घेऊ लागल्या आणि त्यांच्या मागोमाग घरे साफ करून चुना देणारी पथके आली. देवघर आणि माजघर यांत परक्यांचा असा प्रवेश लोकांना असह्य झाला. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी या मोहिमेचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या, त्यामागे हा रोष होता. पांढरी भिंत म्हणजे आरोग्य ही समजूत मात्र टिकली. चाळी, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या पुढे दशकानुदशके चुन्यानेच रंगल्या.

निव्वळ चुना सुकल्यावर पिवळट दिसतो. तो झाकण्यासाठी त्यात चिमूटभर नीळ घालत. १८२८ पासून कृत्रिम अल्ट्रामरीन निळा बनवता येऊ लागला, आणि कपड्यांसाठीची स्वस्त नीळ भिंतींनाही मिळाली. नीळ जास्त झाली की घर फिकट निळे होई. ज्यांना उबदार छटा हवी, ते पिवळी माती मिसळत. म्हणजे थंड पांढरा की उबदार पांढरा हा आजचा प्रश्न चुन्याच्या बादलीपाशीच सुरू झाला होता.

यानंतर रंग गावाबाहेरून येऊ लागला. १९२० मध्ये मुंबईच्या लोअर परळला गॅहॅगन पेंट्स ही कंपनी सुरू झाली, तीच पुढे नेरोलॅक. १९४२ मध्ये गिरगावच्या गायवाडीतील एका गॅरेजात चार मित्रांनी एशियन पेंट्स स्थापन केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी ‘गट्टू’ हा ब्रश घेतलेला मुलगा रेखाटला आणि भिंतीचा रंग ही घरोघरच्या ग्राहकाची वस्तू झाली. खडूची भुकटी, सरस आणि रंगद्रव्य यांचे सुके डिस्टेंपर मध्यमवर्गीय घरांत शिरले. मग तेलमिश्रित डिस्टेंपर आले, जे ओल्या फडक्याने पुसता येई. बाहेरच्या भिंतींना सिमेंटचा रंग लागला. क्रीम, हस्तिदंती आणि बदामी या छटा घरोघर झाल्या, कारण त्या राखाडी शहाबादी फरशीला शोभत आणि हाताचे डाग पांढऱ्याइतके दाखवत नसत.

खरी क्रांती घडवली टायटॅनियम डायऑक्साइडने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिका आणि नॉर्वेत त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. भारतात केरळच्या किनाऱ्यावरील इल्मेनाइटच्या वाळूपासून तो बनू लागला. प्रकाश इतका जोरात विखुरणारा आणि खालचे डाग इतके झाकणारा पांढरा पूर्वी नव्हता. याच पांढऱ्यात थोडासा रंग मिसळून इमल्शनच्या, म्हणजे पाण्यावर आधारित रंगाच्या, फिक्या छटा तयार होतात. १९९०च्या दशकात दुकानांत रंग मिसळण्याची यंत्रे आली आणि मोजक्या तयार डब्यांच्या जागी शेकडो छटा मिळू लागल्या.

ग्रेज याच यंत्रातून आला. फॅशनमध्ये जॉर्जिओ अर्मानी या इटालियन रचनाकाराने ही छटा प्रतिष्ठेची केली. २०१०च्या दशकात अमेरिकेत ती घराच्या भिंतींचा लाडका रंग झाली, आणि तिथून अंतर्गत सजावटीच्या मासिकांतून व इंटरनेटवरून भारतात पोचली. घटकांच्या दृष्टीने मात्र ती परकी नाही. पांढऱ्या बेसमध्ये पिवळे, तांबडे आणि काळे रंगद्रव्य थेंबाथेंबाने पडते. यातले पिवळे आणि तांबडे म्हणजे लोहाची ऑक्साइडे. पांढऱ्या मातीत आणि गेरूत तीच होती, आता ती बहुतेक कारखान्यात बनतात.

दोन विरुद्ध छटांवर तोललेला असल्यामुळे ग्रेज प्रकाशानुसार फार बदलतो. उत्तरेच्या खिडकीतल्या निळसर उजेडात त्यातला राखाडी वर येतो, तर पश्चिमेच्या उन्हात बेज. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तोच रंग कधी जांभळट किंवा हिरवट भासतो, आणि पिवळ्या एलईडीखाली मातकट. खिडकीबाहेरची झाडे आणि लाल कोबा यांची झाकही भिंतीवर पडते. त्यामुळे कार्डावरचा तुकडा पुरत नाही. निदान दोन फूट लांब-रुंद पट्टे दोन वेगवेगळ्या भिंतींवर, दोन हातांत, फरशीला लागून द्यावेत आणि सकाळी, दुपारी व दिव्यात पाहावेत. पट्टा पूर्ण वाळल्याशिवाय निर्णय घेऊ नये, कारण इमल्शन वाळल्यावर सहसा किंचित गडद होते. कार्डामागे एलआरव्ही, म्हणजे प्रकाश परत फेकण्याचे प्रमाण, ० ते १०० या मापात दिलेले असते. कमी उजेडाच्या खोलीत साठाच्या वरची छटा बरी. भरपूर उन्हाच्या दिवाणखान्यात पन्नाशीची छटाही उदास वाटत नाही.

जुन्या वाड्यात किंवा चुन्याच्या घरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्यावर प्लास्टिक इमल्शनचा थर बसला की ओल आत अडकते, रंगाचे पोपडे निघतात आणि गिलावा सुटतो. अशा भिंतीला हीच छटा चुन्यातून देता येते : विरलेल्या चुन्यात पिवळी माती आणि किंचित काजळी मिसळून, पातळ हात एकावर एक देऊन. ओला असताना हा रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच उजळतो, म्हणून इथेही नमुन्याचा पट्टा आधी देऊन, तो पूर्ण वाळल्यावरच माती आणि काजळीचे प्रमाण कायम करावे.