पडद्यासमोरचा फोटो

ताईच्या लग्नाला फोटोग्राफर ठरवताना मी हट्टाने म्हणालो, ‘फक्त कॅन्डिड!’ ओळीत उभं राहून काढलेले फोटो मला खोटे वाटायचे. घरात आजी-आजोबांचा तसाच एक आहे. स्टुडिओ, मागे रंगवलेला महाल, दोघंही गंभीर.

रंगवलेले पडदे कोल्हापूरला नवे नव्हते. बाबूराव आणि आनंदराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. तिथूनच बाबूराव सिनेमाकडे वळले. १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला. आणि ते गंभीर चेहरे? जुन्या काचेच्या प्लेटांवर चित्र उमटायला वेळ लागायचा. माणूस हलला की चेहरा पुसट. प्लेटा गेल्या, ताठ उभं राहायची सवय उरली.

लग्नानंतर आठ महिन्यांनी आजी गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो. अल्बममध्ये आजी अक्षता टाकते, हसते, डोळे पुसते. कॅमेऱ्याकडे मात्र एकदाही बघत नाही. शेवटी तो स्टुडिओतलाच लावला. त्यात ती थेट आमच्याकडे बघते.

माझ्या लग्नात कॅन्डिड असेलच. पण आधी अर्धा तास सगळ्यांना ओळीत उभं करणार आहे.