कोळ्याचा घास

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर ‘कोळी’ हा शब्द उच्चारतांच दोन शिकारी डोळ्यांपुढें उभे राहतात. एक समुद्रांत जाळें टाकणारा आणि दुसरा घराच्या कोपऱ्यांत जाळें विणणारा. परंतु या दुसऱ्या कोळ्यांतही एक कुळ असें आहे, कीं जें शिकारीसाठीं जाळें पसरीत नाहीं. केसाळ अंगाचा हा मोठा कोळी बिळाच्या तोंडाशीं किंवा झाडाच्या ढोलींत दबा धरून बसतो व जवळून जाणाऱ्या किड्यावर झडप घालतो. त्याला ‘टॅरेंटुला’ म्हणतात. कोंकणच्या व सह्याद्रीच्या रानांतही त्याच्या जाती आहेत. कित्येक हौशी लोक हा प्राणी पाळतात व त्याला जिवंत किडे खाऊं घालतात. पण हा कोळी खातो तरी काय, या साध्या प्रश्नावर विद्वानांत दीडशें वर्षें वाद चालला होता आणि त्यांत एका सत्यनिष्ठ स्त्रीचें नांव पणाला लागलें होतें.

मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकर्ती १६९९ सालीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, आपल्या धाकट्या मुलीसह दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामला गेली. १७०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथांत पेरूच्या झाडावर एक मोठा कोळी चिमुकल्या हमिंगबर्डला भक्षण करीत आहे, असें चित्र होतें. लिनियसनें १७५८ सालीं त्या कोळ्याला पक्ष्यांशीं संबंध दाखविणारेंच नांव दिलें.

पुढें क्यूबांत राहणाऱ्या विल्यम शार्प मॅकले या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें या गोष्टीची परीक्षा पाहण्याचें ठरविलें. त्यानें कोळ्याच्या बिळांत एक जिवंत हमिंगबर्ड सोडला. कोळ्यानें त्याला स्पर्श केला नाहीं. उलट आपलें घर पाहुण्याला सोडून तो स्वतःच बाहेर पडला! १८३४ सालीं मॅकलेनें हा प्रकार प्रसिद्ध केला व मेरियनबाईंचें चित्र कल्पित ठरविलें.

येथें एक चूक झाली. कोळ्याचा नकार हा कायमचा नकार नव्हे. कात टाकण्यापूर्वी तो कित्येक दिवस अन्नाकडे पाहत नाहीं. बिथरला तरीही तो घास सोडतो. हेन्री वॉल्टर बेट्स हा निसर्गशास्त्रज्ञ १८४८ पासून ११ वर्षें ॲमेझॉनच्या खोऱ्यांत राहिला. कामेता या गांवाजवळ त्याला एका मोठ्या कोळ्याच्या तावडींत दोन लहान पक्षी सांपडलेले दिसले. एक मेलेला, दुसरा मरणोन्मुख. १८६३ सालीं त्यानें हें लिहिलें आणि मेरियनबाईंचें म्हणणें खरें ठरलें. त्याच ग्रंथांत त्यानें दुसरेंही एक दृश्य नोंदलें आहे. तेथील मुलें अशा कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्याप्रमाणें घरभर फिरवीत होतीं!

आपल्या मुलखांत अशा निरीक्षणाला संघटित रूप १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आलें. त्या दिवशीं आठ गृहस्थांनीं मुंबईंत नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे होते. सातारा येथें जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हेही त्यांतलेच. मीठ व जकात खात्याच्या नोकरींत त्यांचा मुक्काम उरण येथेंही झाला होता. याच संस्थेच्या नियतकालिकांत पोकॉक यांनीं झाडांवर राहणाऱ्या पोइकिलोथेरिया या देखण्या वंशाची माहिती दिली.

मेलेल्या नमुन्यावरून जात ओळखतां येते. भूक मात्र जिवंत प्राण्याजवळच समजते. कोळी घास चावून गिळीत नाहीं. विषानें भक्ष्य निश्चल करून तो त्यावर पाचक रस सोडतो व विरघळलेला भाग शोषून घेतो. प्रौढ कोळ्याला आठवड्याला एखादें झुरळ किंवा रातकिडा पुरे होतो. पाणी मिळत राहिल्यास तो महिनोन्‌महिने उपाशीही राहतो. कात टाकतांना तो बहुधा उताणा पडतो, आणि नवशिका मालक त्याला मेलेला समजून चुकतो. त्या वेळीं त्याचें अंग मऊ असतें. पेटींत उरलेला रातकिडा मग त्या शिकाऱ्यालाच कुरतडतो. म्हणून जाणता मनुष्य न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशीं काढून घेतो. पेटींत पळावयास जागा दोघांनाही नसते. तेव्हां दोघांचाही भार पाळणाऱ्यावर असतो.

या हौसेपायीं रानांतले कोळी पकडून परदेशीं विकले जाऊं लागले. म्हणून २०१९ सालीं पोइकिलोथेरिया वंश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादींत घालण्यांत आला. २०२२ सालच्या दुरुस्तीनें भारताच्या वन्यजीव कायद्यांतही या यादीला स्थान मिळालें.

मुरूडजवळचें फणसाडचें रान पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचें शिकारीचें रान होतें; १९८६ पासून तें अभयारण्य आहे. कोळ्यानें केव्हां खावें व केव्हां नाकारावें, हें अशा रानांत कोळीच ठरवितो. एका नकारावरून निकाल न देतां थांबून पाहणें एवढेंच पाहणाऱ्याच्या हातीं असतें. मॅकलेनें तेवढा धीर धरला असता, तर मेरियनबाईंच्या माथीं खोटेपणाचा बट्टा लागला नसता.