जराग्रस्तांच्या परिचारिका : त्यांच्या शिक्षणाचा पूर्वेतिहास

बखरी, शकावल्या व सनदा यांच्या शोधांत रमलेल्या वाचकांस परिचारिकांच्या शिक्षणाचा विषय प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. परंतु एखाद्या अधिकारपदाची उत्पत्ति शोधतांना जी पद्धति आपण योजतों, तीच येथेंहि लागू पडते. एखादें वतन कसें उत्पन्न झालें हें पाहतांना आपण तीन प्रश्न विचारतों : कामगिरी कोणती होती, तिची नोंद कोठें होत असे, आणि त्या कामगिरीस जोडलेला हक्क व मोबदला केव्हां मान्य झाला. पुष्कळदां असें आढळतें कीं, कामगिरी जुनी असते, नोंद मागाहून येते, आणि सनद सर्वांच्या शेवटीं हातीं पडते. अनेक व्याधींनीं एकाच वेळीं ग्रासलेल्या वृद्धांची चिकित्सा व शुश्रूषा करण्यास परिचारिकांना तयार करणें, या आधुनिक विद्येचा क्रमहि असाच आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'नर्स प्रॅक्टिशनर' हें पद आज अमेरिकेंत चांगलेंच रूढ झालेलें आहे. सामान्य परिचारिका डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणें औषध देते व रोग्याची निगा राखते. नर्स प्रॅक्टिशनर त्यापुढें जाऊन रोग्यास स्वतः तपासते, निदान करते, चांचण्या सांगते व औषध लिहून देते; आणि याकरितां तिला पदवीनंतरचें स्वतंत्र शिक्षण घ्यावें लागतें. या पदाचा आरंभ इ. स. १९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत लोरेट्टा फोर्ड या परिचारिका व हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या उभयतांनीं केला, आणि डॉक्टरांची उणीव हें त्याचें कारण होतें, असें सामान्यतः सांगण्यांत येतें. साल व नांवें यांविषयीं वाद नाहीं. परंतु वृद्धांच्या संबंधानें पाहतां ही हकीकत अपुरी ठरते. कोलोरॅडोंतील तो अभ्यासक्रम बालकांकरितां होता. चार महिने विद्यापीठांत कसून शिक्षण व तदनंतर प्रत्यक्ष क्षेत्रांत काम, अशी त्याची रचना होती. फोर्डबाई लोकारोग्य-परिचारिका होत्या. निरोगी मूल निरोगी राखणें हाच त्यांच्या योजनेचा मुख्य रोख. बरे न होणारे चारपांच आजार घेऊन जगणारा ऐंशी वर्षांचा मनुष्य त्या योजनेंत कोठेंच नव्हता. मग त्याच्या परिचारिकेचा उगम कोठें शोधावयाचा ?

आमच्या मतें तो इंग्लंडांतील वर्कहाउसांत, म्हणजे निराश्रितांना सरकारी खर्चानें ठेवण्याच्या श्रमगृहांत, शोधला पाहिजे. या गृहांच्या आजारी-खान्यांत वृद्ध व असाध्य रोगी पडून असत, आणि त्यांची शुश्रूषा तेथील दुसऱ्या निराश्रित स्त्रियांकडून, कसलेंहि शिक्षण नसतां, करवून घेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिका-शाळा लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत १८६० सालीं निघाली. त्यानंतर पांच वर्षांनीं, १८६५ त, लिव्हरपूलचे दानशूर व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या द्रव्यसाहाय्यानें ॲग्नेस जोन्स या बारा शिक्षित परिचारिका घेऊन तेथील ब्राउनलो हिलच्या वर्कहाउसांत दाखल झाल्या. निराश्रितांच्या आजारी-खान्यांत शिक्षित परिचारिकांनीं पद्धतशीर काम केल्याचा हा आरंभीचा ठळक दाखला होय. जोन्सबाई १८६८ त टायफस तापानें तेथेंच वारल्या.

कामगिरी याप्रमाणें सुरू झाली खरी, तथापि पुढील सत्तर वर्षें तींत शास्त्र फारसें शिरलें नाहीं. देणग्यांवर चालणारीं प्रतिष्ठित रुग्णालयें जुनाट रोग्यांस सहसा घेत नसत. आणि परिचारिकांच्या नामांकित शाळा तर त्याच रुग्णालयांत. परिणाम असा झाला कीं, उत्तम शिक्षण घेतलेल्या परिचारिकेस वृद्ध रोगी फारसा पाहावयास मिळेना, आणि वृद्ध रोग्यास उत्तम शिकलेली परिचारिका मिळेना. ही फूट पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली आहे.

ती सांधण्याचा पहिला भरीव प्रयत्न डॉक्टर मार्जरी वॉरेन (१८९७-१९६०) यांचा. १९२९ च्या कायद्यानें निराश्रित-निधीचीं रुग्णालयें स्थानिक सत्तांकडे आल्यावर, १९३५ त वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयानें शेजारचें वर्कहाउस आपल्या ताब्यांत घेतलें, व तेथील ७१४ रोगी वॉरेनबाईंच्या स्वाधीन झाले. त्यांनीं प्रत्येकास तपासलें. कित्येक जण केवळ कोणी उठवून बसविलें नाहीं म्हणून वर्षानुवर्षें अंथरुणास खिळलेले होते, असें दिसून आलें. रोगी हिंडता-फिरता आहे कीं अंथरुणाला धरून आहे, मलमूत्रावर त्याचा ताबा आहे कीं नाहीं, व त्याचें चित्त ठिकाणावर आहे कीं नाहीं, हें पाहून त्यांनीं सर्वांची पांच वर्गांत वांटणी केली. योग्य उपचारांनीं पुष्कळांस घरीं धाडतां आलें व खाटांची संख्या फार उतरली. १९४३ व १९४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यांनीं असा आग्रह धरला कीं, वृद्धांचे विभाग सामान्य रुग्णालयांतच असावे, म्हणजे वैद्यकाचे विद्यार्थी व परिचारिका यांस तेथें शिकतां येईल. वृद्धशुश्रूषा ही शिकविण्याजोगी विद्या आहे, हें या लेखांनीं स्पष्ट मांडलें.

आतां नोंदीकडे वळूं. लंडनच्या व्हिटिंग्टन रुग्णालयांत डोरीन नॉर्टन (१९२२-२००७) या परिचारिकेनें रोडा मॅक्लॅरेन व डॉक्टर एक्स्टन-स्मिथ यांच्यासह रुग्णालयांतील वृद्धांच्या शुश्रूषेचें संशोधन केलें. तें १९६२ सालीं पुस्तकरूपानें निघालें. एका कुशीवर पडून राहिल्यानें होणारे शय्याव्रण हा त्यांतील एक मुख्य विषय. शरीरस्थिति, मनःस्थिति, हालचालीचें प्रमाण, अंग हलविण्याची शक्ति व मलमूत्रावरील ताबा या पांच सदरांखालीं प्रत्येकीं एक ते चार गुण द्यावयाचे, आणि एकूण वीस गुणांपैकीं चवदा किंवा कमी भरल्यास रोग्यास व्रणाचा धोका आहे असें समजावयाचें, अशी ही नॉर्टन मोजणी आहे. तिचें ऐतिहासिक महत्त्व असें कीं, परिचारिकेची नजर येथें प्रथमच आंकड्यांत उतरली; एकीनें केलेली पारख दुसरीला वाचतां व पडताळतां येऊं लागली.

हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्याची ज्यांस संवय आहे त्यांनीं येथें थोडें थांबावें. वॉरेन यांच्या वर्गवारींतील हालचाल, मन व मलमूत्रावरील ताबा हीं तीनहि गमकें नॉर्टन यांच्या सदरांत पुन्हां भेटतात. पुढें २०१७ सालापासून अमेरिकेंत हार्टफर्ड फाउंडेशन व इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट यांनीं चालविलेल्या वृद्धस्नेही चळवळींत चार सूत्रें सांगितलीं आहेत : रोग्यास महत्त्वाचें काय वाटतें, औषधें, मन व हालचाल. त्यांतील दोन तींच जुनीं. केवळ सदरें जुळतात म्हणून एक पोथी दुसरीवरून उतरली असें ठरत नाहीं, हें आम्ही जाणतों. एकाच रोग्याकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्यांस तींच लक्षणें दिसावीं यांत नवल नाहीं. परंतु दोन देशांतील परंपरा अगदींच तुटक नव्हत्या याचें एक प्रमाण आहे. खुद्द नॉर्टनबाई पुढें अमेरिकेंत केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठांत वृद्धशुश्रूषेच्या प्राध्यापक झाल्या.

राहिला हक्क. याचा इतिहास मुख्यतः अमेरिकेंतला आहे. १९६५ च्या जुलैंत तेथें मेडिकेअरचा कायदा झाला व पासष्ट वर्षांवरील लोकांच्या औषधोपचाराचा भार सरकारनें उचलला. फोर्ड-सिल्व्हर यांचा उपक्रम त्याच सालचा. परंतु बालकांसाठीं निघालेलें पद आणि वृद्धांसाठीं निघालेला निधि यांची गांठ पडावयास तीन दशकें लागलीं. शिक्षण मात्र मध्यंतरीं पुढें सरकत होतें. १९६६ त ड्यूक विद्यापीठांत व्हर्जिनिया स्टोन यांनीं वृद्धशुश्रूषेंतील तज्ज्ञ परिचारिकांसाठीं पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. १९८२ पासून रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या साहाय्यानें अकरा परिचारिका-विद्यालयें वृद्धांच्या शुश्रूषागृहांशीं जोडण्यांत आलीं, म्हणजे जेथें रोगी तेथेंच शाळा हें वॉरेन यांचें सूत्र अमलांत आलें. १९८७ त मिनेसोटांत नर्स प्रॅक्टिशनरांनींच शुश्रूषागृहांतील वृद्धांची जागच्या जागीं चिकित्सा करण्याची योजना सुरू केली. मोबदल्याचा हक्क मात्र पायरीपायरीनें मिळाला : १९७७ च्या कायद्यानें खेड्यांतील दवाखान्यांपुरता, १९८९ च्या कायद्यानें शुश्रूषागृहांपुरता, आणि १९९७ च्या कायद्यानें सर्वत्र, तोहि डॉक्टरांच्या दराच्या शेंकडा ८५ इतका.

हा हक्क म्हणजे केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. वृद्धाचा आजार वेष पालटून येतो. हृदयविकाराचा झटका छातींत कळ न येतां नुसत्या अशक्तपणानें प्रकट होतो. मूत्रमार्गाचा दाह किंवा नवें औषध एकाएकीं भ्रम उत्पन्न करतें, आणि घरचीं माणसें त्यास म्हातारचळ म्हणून सोडून देतात. हृदय, मूत्रपिंड व मधुमेह यांसाठीं निरनिराळ्या डॉक्टरांनीं दिलेलीं औषधें एकमेकांस बाधतात. म्हणून या शिक्षणांत रोगविज्ञान, शरीरपरीक्षा व औषधविज्ञान हे तीन प्रगत विषय आवश्यक ठरले. भ्रम ओळखण्याची शॅरन इनौये यांची १९९० ची कसोटी व वृद्धांस अपायकारक औषधांची मार्क बीअर्स यांची १९९१ ची यादी हीं त्यांतील नित्याचीं साधनें झालीं. पण भ्रमाचें कारण औषध आहे हें जिला कळलें, तिला तें औषध थांबविण्याचा अधिकार नसेल, तर तिच्या ज्ञानाचा रोग्यास उपयोग काय ?

अधिकारासह असें शिक्षण दिल्यानें काय साधतें याचा एक चोख पुरावा उपलब्ध आहे. मेरी नेलर व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रुग्णालयांतून घरीं जाणाऱ्या ३६३ वृद्धांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाकडे प्रगत शिक्षण घेतलेल्या परिचारिका रुग्णालयांत व पुढें घरीं जाऊन लक्ष देत. चोवीस आठवड्यांत नेहमींच्या पद्धतीच्या गटांतील शेंकडा ३७.१ रोग्यांस पुन्हां रुग्णालयांत यावें लागलें. परिचारिकांच्या गटांत हें प्रमाण शेंकडा २०.३ होतें.

२००८ च्या सर्वसंमत आराखड्यानें प्रौढांची व वृद्धांची नर्स प्रॅक्टिशनर हे दोन पृथक् मार्ग एक करण्यांत आले, कारण वृद्धांचा स्वतंत्र मार्ग पत्करणाऱ्या विद्यार्थिनी थोड्या होत्या. यामुळें प्रौढांची चिकित्सा शिकणाऱ्या प्रत्येकीस वृद्धांची चिकित्साहि शिकावी लागली, हा लाभ. परंतु वृद्धांसाठींच वाहिलेली विद्या त्यांत पातळ होईल अशी धास्तीहि व्यक्त झाली. २०२२ च्या राष्ट्रीय नियमांनीं रोग्यांच्या प्रत्यक्ष सान्निध्यांतील शिक्षणाची किमान मर्यादा ७५० तासांची ठरविली. हे तास भरावयाचे कोठें व शिकविणाराचा वेळ भरून द्यावयाचा कोणी, हा आजचा पेंच आहे. तरुण डॉक्टरांच्या शिक्षणाचा खर्च मेडिकेअरमधून रुग्णालयांस मिळत आला. प्रगत परिचारिकांकरितां तसा प्रयोग २०१२ ते २०१८ या काळांत अवघ्या पांच रुग्णालयांपुरता झाला व मुदत सरतांच थांबला. म्हणजे सनद हातीं आली, तरी तिच्यासोबतची इनाम-जमीन अद्यापि मिळावयाचीच आहे.

आपल्याकडील स्थिति पाहतां हाच क्रम पुन्हां दिसूं लागला आहे. भारतीय परिचर्या परिषदेनें २०१६ सालीं नर्स प्रॅक्टिशनरचा जो दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आंखला तो अतिदक्षता-विभागासाठीं, वृद्धांकरितां नव्हे. कोलोरॅडोप्रमाणें येथेंहि पदाचा आरंभ दुसऱ्याच रोग्यापासून झाला. कामगिरी मात्र आपल्याहि प्रांतीं जुनी आहे. पुण्यास डेव्हिड ससून यांच्या नांवानें चाललेला निराधार वृद्धांचा आश्रम, जो आज 'निवारा' या नांवानें परिचित आहे, तो एकोणिसाव्या शतकांतला. आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं निघालेल्या पुण्याच्या सेवासदनानें ससून रुग्णालयांत स्त्रियांस परिचारिकेचें शिक्षण देवविलें. या दोन प्रवाहांचा संगम होऊन वृद्धांची शिक्षित परिचारिका निर्माण होणें, हें कार्य अजून पुढें आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वर आम्हीं जो क्रम लाविला तो छापील लेख, कायदे व अहवाल यांच्या आधारें. परंतु परिचारिकांच्या हातच्या वह्या, पाळीबदलाच्या नोंदी, शिकाऊ मुलींचीं टिपणें व वृद्धाश्रमांचीं आवकजावक-पुस्तकें हीं अस्सल साधनें होत, आणि इमारत बदलतांना सर्वांआधीं रद्दींत जाणारीं तींच. रोग्यांची नांवें उघड न करतां तीं जतन करणें शक्य आहे. ज्या वाचकांच्या घरीं आजी वा आत्या परिचारिका होत्या, त्यांनीं त्यांच्या पेट्या एकदां अवश्य उघडून पाहाव्या. मोडींतील दोन ओळींची यादी जशी एखाद्या मोहिमेचा निर्णय फिरविते, तशीच रात्रपाळींत लिहिलेली दोन ओळींची नोंदहि, म्हाताऱ्या माणसाकडे कोणी केव्हां नीट पाहिलें, हें सांगूं शकेल.