चाकांची जोडी आणि हवेचे कुलूप

बैलगाडी, आगगाडी आणि मोटारगाडी या तिन्ही वाहनांची चाके गोल असतात, हे लहान मूलही सांगेल. परंतु एका आखावरच्या दोन चाकांचे परस्परांशी जे नाते असते, ते या तीन वाहनांत अगदी निरनिराळे आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. डोंगराळ आणि चिखलाच्या वाटांनी जाणाऱ्या गाड्यांना हौशी लोक हल्ली हवेच्या दाबाने चालणारे एक कुलूप मागाहून बसवून घेतात. हे कुलूप चाकांच्या या नात्यालाच घातलेले असते. विषय कारखान्यातला वाटला, तरी त्याचा इतिहास आपल्या सुरत शहराच्या वेशीपासून सांगता येण्याजोगा आहे.

सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार अशी गावे घेत जाणारी ही वाट त्याने टप्प्याटप्प्याने लिहून ठेवली आहे. त्या काळच्या मालवाहू गाड्यांचेही वर्णन त्याने केले आहे. शंभर-दोनशे गाड्यांचा तांडा निघे आणि एकेका गाडीला दहा-बारा बैल जुंपलेले असत. प्रत्येक गाडीबरोबर चार शिपाई चालत, दोन या अंगाला व दोन त्या अंगाला. गाडीवरून दोन दोर आडवे टाकून त्यांची चार टोके या शिपायांच्या हाती दिलेली असत. वाईट जागी गाडी एका बाजूला कलली, की दुसऱ्या बाजूचे दोघे दोर ताणून धरीत आणि गाडी उलटू देत नसत.

त्या गाडीची रचना पाहा. आख गाडीला पक्का बसवलेला असतो आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाके आपापल्या तुंब्यावर मोकळी फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक वाट चालावी लागते, आतल्याला कमी. बैलगाडीत ज्याने त्याने आपल्या वाट्याची वाट चालावी. कोणाचा कोणाला अडथळा होत नाही. हे शक्य होते, कारण ओढ बैलांची असते आणि चाके नुसती मागून येतात. मात्र गाडी चिखलात रुतली, तर चाकाच्या अंगी स्वतःचे बळ काहीच नसते. अशा वेळी बैलांनी ओढावे आणि माणसांनी खांदा द्यावा, एवढाच उपाय उरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच तापीच्या खोऱ्यातून लोहमार्ग आला. आज सुरतेत राहणाऱ्या कितीतरी खानदेशी कुटुंबांचे वाडवडील याच उधना-जळगाव मार्गाने या शहरात उतरले. आगगाडीचे चाक बैलगाडीच्या चाकाहून अगदी उलट स्वभावाचे आहे. तिथे दोन्ही चाके एकाच आखावर ठोकून बसवलेली असतात; एक फिरले की दुसऱ्याला तितकेच फिरावे लागते. मग वळणावर काय होते? आगगाडीच्या चाकाची धाव सपाट नसून किंचित निमुळती असते. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या अंगाला थोडीशी सरकते, त्यामुळे बाहेरचे चाक आपल्या मोठ्या परिघावर चालते आणि आतले लहान परिघावर. ही युक्ती फार सुंदर आहे. परंतु ती रुळांच्या सोबतीनेच साधते आणि रूळ काही शेताच्या बांधापर्यंत जात नाहीत.

मोटारगाडीपुढे दोन्ही अडचणी एकदम उभ्या राहिल्या. इथे चाकाला स्वतः जमिनीवर जोर लावून गाडी पुढे न्यायची असते, म्हणून इंजिनाचे बळ चाकापर्यंत पोहोचले पाहिजे. आणि रस्ता मोकळा असल्यामुळे दोन चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरण्याची मुभाही पाहिजे. साधा हिशेब करू. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल, तर गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेतले असता बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ८.८ मीटर अधिक चालते, मग ते वर्तुळ लहान असो वा मोठे. दोन्ही चाके एकाच आखाला जखडली, तर एवढ्या अंतराचे घर्षण कोणत्या तरी टायराला सोसावे लागणार.

ही गाठ सोडवली पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने. वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी त्याने १८२७-२८ च्या सुमारास दातेरी चाकांची जी रचना केली, तीच आजचे डिफरन्शियल होय. मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सने १८३२ मध्ये अशाच रचनेचे पेटंट घेतले. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडातील कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्लीने ती तीनचाकी सायकलीत आणली. त्याच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात, की शेजारी शेजारी बसून पायडल मारण्याच्या गाडीवर तो व त्याचा मुलगा निघाले असता, तरुण मुलाचा जोर अधिक पडून गाडी एका अंगाला वळली आणि दोघेही रस्त्याकडेच्या झुडपात गेले. बैल आणि गाढव एका जुवाखाली जुंपू नयेत असा मोशेच्या नियमशास्त्रात निर्बंध आहे. विषम जोडीचा त्रास माणसाने फार पूर्वीच ओळखला होता. स्टार्लीने ती जोडी न मोडता तिचा मेळ घालण्याचा मार्ग पत्करला.

डिफरन्शियलचे काम थोडक्यात असे. इंजिनाकडून आलेला दांडा एका लहान पिनियनने मोठ्या दातेरी चक्राला, म्हणजे क्राऊनला फिरवतो. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात लहान दंतचक्रे असतात आणि ती दोन्ही बाजूंच्या आखांच्या दंतचक्रांत अडकलेली असतात. दोन्ही चाकांना सारखा विरोध असेल, तर सगळा पिंजरा एकसंध फिरतो. एका चाकाची गती कमी झाली, की तितकीच दुसऱ्याची वाढते. बळाची वाटणी मात्र दोघांना नेहमी सारखीच होते.

या समान वाटणीतच यंत्राचे वैगुण्य आहे. एक चाक कोरड्या जमिनीवर आणि दुसरे ओल्या चिखलात आहे असे समजा. चिखलातल्या चाकाला फिरण्यासाठी जवळजवळ बळच लागत नाही. वाटणी सारखी असल्यामुळे कोरड्यावरच्या चाकालाही तेवढेच, म्हणजे जवळजवळ शून्य बळ मिळते. मग चिखलातले चाक नेहमीच्या दुप्पट वेगाने गरगर फिरते, चिखल उडवते आणि खोल रुतते. ज्या चाकाखाली भक्कम भूमी आहे ते स्तब्ध राहते. गाडीत बळ भरपूर असते, परंतु जिथे त्याचा उपयोग आहे तिथे ते पोहोचत नाही.

हा दोष उशिरा कळला असे मात्र नाही. जुन्या वाफेच्या ओढगाड्यांवर एक लोखंडी खीळ असे. गाडी रुतली की चालक खाली उतरून ती खीळ घाली, त्यासरशी डिफरन्शियलचे काम थांबून दोन्ही चाके एकत्र फिरू लागत. शेतातल्या ट्रॅक्टरला हेच कुलूप चालकाच्या पायाजवळच्या एका पायडलावर असते. आपल्या भागात त्याचे मोल बारडोलीकडच्या उसाच्या शेतकऱ्यांना विचारावे. पावसाळा लांबला आणि कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, म्हणजे काळ्या जमिनीत ओल राहते आणि उसाने लादलेली ट्रॉली बांधाशी अडते. तोडीला आलेली धुळे-नंदुरबारकडची माणसे दिवसभर कोयता चालवून थकलेली असतात. ट्रॉली अडली की तिला खांदा देण्याची पाळी त्यांच्यावरच येते. पायाखालचे ते पायडल वेळेवर दाबले गेले, तर पुष्कळदा ही पाळी टळते.

दुसऱ्या महायुद्धात जीपगाडी प्रसिद्धीस आली. मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून ती भारतातल्या रस्त्यांवर आणली. जीपच्या चारही चाकांना इंजिनाची ओढ असते, म्हणून ती कुठेही अडणार नाही असा सर्वसाधारण समज आहे. तथापि तिच्या पुढच्या व मागच्या दोन्ही आखांत साधेच डिफरन्शियल होते. पुढचे एक आणि मागचे एक चाक एकदम निसटले, तर चार चाकांची ओढ असूनही ती गाडी जागची हलत नसे.

कारखान्याने जे दिले नाही, ते मागाहून बसवण्याचा मार्ग इथून पुढे रुंद झाला. आपोआप अडकणारी कुलुपे अमेरिकेत निघाली. परंतु ती चालकाच्या आज्ञेत नसत. आज्ञेतले कुलूप लोकप्रिय केले ते ऑस्ट्रेलियाने. त्या देशात वस्तीपासून शेकडो मैल दूर गाडी रुतली, तर खांदा द्यायला दुसरा माणूस मिळण्याची शाश्वती नसते. तिथल्या टोनी रॉबर्ट्स यांनी हवेच्या दाबावर चालणारे डिफरन्शियल-कुलूप तयार केले आणि मेलबर्न शहरात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ए.आर.बी. या कंपनीने १९८७ मध्ये त्याचे हक्क घेतले. पुढे ते ‘एअर लॉकर’ या नावाने जगभर गेले.

हवाच का निवडली, असा प्रश्न कोणी विचारील. दाबलेल्या हवेला गाडीची चाकरी नवी नव्हती. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्येच तिच्याकडून आगगाडीचे ब्रेक लावून घेतले होते. फिरत्या आखाच्या पोटात दांडा किंवा तार नेणे अवघड असते. पातळ नळीतून हवा सहज जाते. गाडीत विजेवर चालणारा लहानसा पंप बसवलेला असतो. तो दर चौरस इंचाला सुमारे १०० पौंड दाबाची हवा साठवून ठेवतो. चालकाने बटण दाबले की झडप उघडते आणि हवा नळीवाटे डिफरन्शियलमध्ये शिरून एक कडे सरकवते. ते कडे एका बाजूच्या आखाचे दंतचक्र पिंजऱ्याशी पक्के जखडते. एक बाजू जखडली की आतल्या दंतचक्रांना स्वतंत्र फिरायला वाव राहत नाही, आणि दोन्ही चाके आगगाडीच्या चाकांसारखी एकजुटीने फिरू लागतात. बटण सोडले म्हणजे हवा बाहेर जाते, स्प्रिंग कड्याला मागे ढकलते आणि डिफरन्शियल पुन्हा मोकळे होते.

आता आपल्याकडचे कारखानेही जागे झाले आहेत. पुण्याच्या फोर्स मोटर्सने आपल्या गुरखा गाडीला पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आखांना चालकाच्या हातची कुलुपे दिली. महिंद्र कंपनीने २०२० मध्ये आणलेल्या नव्या थार गाडीच्या काही प्रकारांत मागच्या आखाला यांत्रिक कुलूप दिले. दोन चाकांच्या फेऱ्यांत मोठा फरक पडताच ते आपोआप लागते. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात जंगलवाटांवर मोटारींच्या स्पर्धा होऊ लागल्या, तेव्हापासून मागाहून बसवायच्या कुलुपांची चर्चा हौशी मंडळींत अधिकच वाढली.

या कुलुपाला किंमतही द्यावी लागते, आणि ती केवळ पैशाची नाही. कुलूप लावून डांबरी रस्त्यावर वळण घेतले, तर मघाशी सांगितलेले ८.८ मीटरांचे कर्ज टायर घासून फेडावे लागते. गाडी सरळच जाऊ पाहते, सुकाणू जड होते आणि प्रसंगी आखही तुटतो. म्हणून ते संथ गतीत, अडचणीच्या जागेपुरतेच लावावे आणि पलीकडे जाताच सोडावे. कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व ठामपणे सांगितले आहे. तेव्हा असा सरंजाम बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेणे इष्ट.

आणखी एक गोष्ट. जुलै २०२५ मध्ये आपल्या डुमसच्या किनाऱ्यावर एक महागडी मोटार ओल्या वाळूत रुतून बसल्याची बातमी सर्वांनी वाचली असेल. चारही चाकांखालची भूमीच खचली, तर कुलूप तरी कशाला धरणार? एका तरी चाकाखाली आधार असेल तरच ते उपयोगी पडते. खंबातच्या आखाताची भरती कोणत्याही यंत्राची वाट पाहत नाही.

ताव्हेर्नियेच्या काळी दोर धरून चालणारे चार शिपाई आणि आजची हवेची नळी यांच्यामध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे. दोन्हींचे प्रयोजन एकच आहे: जोडीतला एक डगमगला, तर भक्कम उभ्या असलेल्या दुसऱ्याचे बळ कामी आणणे. बैलगाडीने चाकांना नेहमीचे स्वातंत्र्य दिले, आगगाडीने नेहमीचे बंधन दिले. केव्हा मोकळे सोडावे आणि केव्हा बांधावे, याची निवड माणसाच्या हाती आली ती या कुलुपाने. ती निवड विवेकाने केली गेली, तर उसाच्या बांधावर थकलेल्या एखाद्या माणसाच्या खांद्यावरचा भार तेवढा हलका होईल.