उंदीर सगळ्यांना दिसले, मग पिसू का दिसली नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.

प्लेग म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातल्या दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे पुण्यातला रँड, चाफेकर बंधू आणि 22 जून 1897 ची ती रात्र. दुसरी म्हणजे सावित्रीबाई फुले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. आज मी त्याच साथीबद्दल बोलणार आहे, पण प्रश्न वेगळा आहे. डोळ्यांसमोर हजारो माणसं मरत होती, शहरात चांगले शिकलेले डॉक्टर होते, सरकारकडे पैसा होता. तरीही ही साथ नेमकी कशामुळे पसरते हे सगळ्यांनी मान्य करायला जवळपास दहा वर्षं लागली. का?

सुरुवात मुंबईतून. सप्टेंबर 1896. गोदीजवळचा मांडवी भाग, धान्याच्या गोदामांनी भरलेला. तिथल्या एका रुग्णाला तपासून डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा साधा ताप नाही, ही गाठीची साथ आहे. सणकून ताप, काखेत नाहीतर जांघेत गाठ, आणि काही दिवसांत माणूस खलास. बरं, या रोगाचा जंतू तोपर्यंत सापडलेला होता, 1894 मध्येच, हाँगकाँगला. म्हणजे चोर कोण हे माहीत होतं. तो घरात शिरतो कसा, हे माहीत नव्हतं.

मग प्रत्येकाने आपापलं कारण शोधलं.

आधी लोकांचं बघू. लोकांना दिसत होतं की ज्याला आर्थर रोडच्या हॉस्पिटलात नेतात, तो बहुतेक वेळा परत येत नाही. निष्कर्ष काय काढला? हॉस्पिटलातच मारतात. 29 ऑक्टोबर 1896 ला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने या हॉस्पिटलवर हल्ला केला. आज तेच आपलं कस्तुरबा हॉस्पिटल.

आपण आज हसतो. पण जरा थांबा. त्यांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. हॉस्पिटलात गेलेले खरंच मरत होते. फक्त, घरचे लोक भीतीपोटी रुग्णाला शेवटपर्यंत लपवून ठेवायचे. हॉस्पिटलात पोचायचा तोच मुळी मरणाच्या दारात असलेला माणूस. विचारायला हवा होता तो प्रश्न असा: तितकेच आजारी असलेले जे घरीच राहिले, त्यांचं काय झालं? पण ती प्रेतं जमावाला एकत्र दिसत नव्हती. हॉस्पिटलची दिसत होती.

आता सरकारचं बघू, म्हणजे साहेब लोकही याच खड्ड्यात कसे पडले ते कळेल. त्यांचं म्हणणं होतं की घाण, कोंदट हवा आणि दूषित जमीन हे कारण. का? तर प्लेग गरिबांच्या गलिच्छ वस्त्यांत जास्त दिसतोय. झालं! गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं. भिंतींना चुना मारला. ऊन यावं म्हणून घरांची कौलं काढली. कपडे, अंथरुणं जाळली. आणि प्लेग चालूच.

घाण आणि प्लेग एकाच वस्तीत होते हे खरं. पण त्याच वस्तीत अजून काय होतं? मातीच्या भिंतींतली बिळं, शेजारी धान्याची पोती आणि मग अर्थातच उंदीर. दोन गोष्टी एकाच घरात राहतात म्हणून एक दुसरीची आई होत नाही. गटार धुतल्याने उंदीर मरत नाही, फार तर तो पत्ता बदलतो.

तिसरी फसगत मला सगळ्यात भारी वाटते. मार्च 1897 मध्ये मुंबईत जनरल गॅटॅकरच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली. घरोघरी तपासणी, सक्ती, सगळं सुरू झालं. आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत प्लेग उतरला! आता सांगा, समितीला श्रेय द्यायचं की नाही? पण पुढच्या हिवाळ्यात प्लेग परत आला. त्याच्या पुढच्या वर्षी परत. हळूहळू लक्षात आलं की मुंबईत हा रोग हिवाळ्यात वाढतो, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कळस गाठतो आणि कडक उन्हाळा लागला की आपोआप ओसरतो. म्हणजे मार्चमध्ये तुम्ही काहीही केलं असतं, समिती नेमा, नवस बोला, दारावर लिंबू टांगा, मे महिन्यात तुमचाच उपाय लागू पडला असता. साथ जेव्हा टोकाला पोचते तेव्हाच माणूस घाबरून काहीतरी करतो. नंतर ती उतरते आणि श्रेय त्या ‘काहीतरी’ला मिळतं.

आता उंदरांकडे येऊ. गावाकडच्या लोकांना एक गोष्ट पक्की कळली होती. घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं आणि रानात झोपड्या टाकून राहायचं. हे अगदी बरोबर होतं आणि त्याने जीव वाचले. पण उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये काय आहे, हे कोडं राहिलंच.

ते सोडवलं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने. पाश्चर इन्स्टिट्यूटने त्याला भारतात पाठवलं होतं. त्याने एक साधी गोष्ट टिपली. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावला तर प्लेग होतो. तोच उंदीर एक दिवस तसाच पडून राहिला, तर मात्र फारसा धोका नाही. बाकीचे ‘मेलेला उंदीर म्हणजे प्लेग’ इथेच थांबले होते. याने विचारलं, ताज्या आणि शिळ्या उंदरात फरक काय? अंग गार पडल्यावर त्याला सोडून काय जातं?

पिसवा.

2 जून 1898, कराची. त्याने काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांनी भरलेला, प्लेग झालेला उंदीर ठेवला. तो मरायला टेकल्यावर जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर घालून तो पिंजरा बरणीत सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, पण पिसू उडी मारू शकते. काही दिवसांत दुसरा उंदीर प्लेगने मेला. मग त्याने उलटी बाजूही तपासली. आजारी उंदीर, पण अंगावर एकही पिसू नाही, आणि त्याच्यासोबत निरोगी उंदीर. निरोगी तो निरोगीच राहिला.

एवढं झाल्यावर जगाने टाळ्या वाजवल्या असतील ना? छे! सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने पिसवांची कल्पना जवळजवळ झटकून टाकली. दुसऱ्या काहींना हा प्रयोग जमला नाही. आणि खरं सांगायचं तर जमीन आणि घाण हे उत्तर आधीच ठरलेलं होतं, सगळी यंत्रणा त्यावर उभी होती. दरम्यान माणसं मरत राहिली. 1904 या एकाच वर्षात भारतात प्लेगचे बळी दहा लाखांच्या वर गेले.

1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या जागी, नव्याने प्रयोग सुरू झाले. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागेत गिनीपिगचे पिंजरे टांगले. एक जमिनीपासून दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर. खालच्याला प्लेग झाला, वरच्याला नाही.

हा प्रयोग मला फार आवडतो. हवा तीच, जागा तीच, घाण असेल तर तीही तीच. हवेतून विष येत असतं तर दोन फुटांनी काय फरक पडला असता? फरक पडतो तो फक्त उडी मारणाऱ्याला, आणि पिसवाची उडी तेवढी उंच जात नाही. पुढे 1914 मध्ये तिच्या पोटात जंतू कसे अडकतात आणि चावताना ते माणसात कसे उतरतात, हेही कळलं.

मग आपण चुकतो कुठे? अक्कल कमी पडते म्हणून नाही. गिरणी कामगार, गोरे अधिकारी, मोठमोठे डॉक्टर, सगळेच चुकले. आपण जे झालं तेवढंच बघतो आणि जे झालं नाही ते मोजत नाही. शिवाय घाबरलेल्या माणसाला कारण लगेच हवं असतं.

कोविडमध्ये आपण हेच केलं. ‘अमुक काढा प्यायलो आणि आठ दिवसांत बरा झालो’ हे फॉरवर्ड माझ्या घरच्या ग्रुपवर फिरलं, आणि मीही ते पुढे पाठवलं होतं. काढा न पिता आठ दिवसांत बरे झालेले किती, हे मी कुणालाच विचारलं नाही. नाही म्हणायला एक काकू तशाच बऱ्या झाल्या होत्या. पण ‘मी काहीच केलं नाही आणि बरी झाले’ असं कुणी फॉरवर्ड करत नाही ना!

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘यामुळे ते झालं’ असं ठासून सांगितलं, की त्याला विचारा, दोन फुटांवरच्या पिंजऱ्याचं काय झालं? चला, भेटू पुढच्या भागात.