इन्साफ आणि माफी

अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्या दफ्तरांत उतरलेल्या ‘इन्साफ’ या शब्दाच्या मुळाशी ‘निस्फ’, म्हणजे अर्धा भाग, आहे. मधोमध विभागून ज्याचा वाटा त्याला देणे ही त्यातली मूळ कल्पना, आणि ‘मुनसफ’ हाही त्याच कुळातला. ‘माफ’ ज्या धातूपासून निघाला त्यात मात्र पुसून टाकण्याचा भाव आहे. एक शब्द मोजतो, दुसरा मोजलेले पुसतो; म्हणून दोहोंत विरोध आहे असे वरवर वाटते. मला तो वाटत नाही.

एक उदाहरण पाहा: 1917-18 च्या हंगामात खेडा जिल्ह्यात पीक बुडाले. पीक चार आणे, म्हणजे पाव, किंवा त्याहून कमी आल्यास त्या वर्षाचा शेतसारा तहकूब व्हावा, असा नियमच होता. म्हणजे करुणेला कायद्याने आधीच मोजमाप लावून दिले होते. परंतु सरकारी आणेवारी चार आण्यांच्या वर गेली, रयतेची खाली राहिली, आणि गांधीजींनी मागितलेली पंचांची चौकशी सरकारने नाकारली. शेतात उभे राहून कणसे पाहणाऱ्याची नजरच जिथे खोटी, तिथे इन्साफही नाही आणि दयाही नाही. (तहकुबीच्या मागणीत भिक्षेचा अंशही नव्हता, हे विसरता कामा नये.) त्यावर झालेल्या सत्याग्रहाच्या शेवटी ऐपतदार पाटीदारांनी सारा भरावा, गरिबांना तहकुबी मिळेल, असे ठरले, तथापि गरीब कोण हे ठरविण्याचा हक्क रयतेला बजावता आला नाही, आणि गांधीजींना या समाप्तीचे समाधान वाटले नाही.